उपासाचं वकीलपत्र

डोकं दुखणं आणि अर्धशिशी यांत फरक आहे, आणि तो ज्याला कळत नाही त्याच्याशी मी फार वेळ बोलत नाही. डोकं कोणाचंही दुखतं. उन्हातून आलं, भांडण झालं, पाहुणे लांबले की दुखतं आणि चहा घेतला की थांबतं. अर्धशिशीची जातच वेगळी. ती येण्याआधी वर्दी देते. पाण्याने भरलेल्या परातीवर ऊन पडलं की भिंतीवर कवडसा हलतो, तसं काहीतरी माझ्या डाव्या डोळ्याच्या कडेला हलू लागायचं. फळ्यावरची अर्धी अक्षरं नाहीशी व्हायची. मग बोटांना मुंग्या, मग मळमळ, आणि त्यानंतर डोक्याच्या फक्त डाव्या भागात कोणीतरी उखळ मांडून तिखट कुटायला बसायचं. उजव्या बाजूला काही नाही. ती शेजारच्या घरची असल्यासारखी निवांत असायची, आणि मला त्या बाजूचाच जास्त राग यायचा. शाळेत असताना हे सुरू झालं आणि मॅट्रिकच्या वर्षाला टेकेपर्यंत चांगलंच बोकाळलं.

आम्ही अमरावतीला राजापेठेच्या अंगाला, एका जिनिंग फॅक्टरीच्या पाठीमागे राहत होतो. बाबा त्याच फॅक्टरीत काट्यावर कामाला. दसऱ्यानंतर कापसाच्या बंड्या यायला लागल्या की आमच्या दारापासून पार रस्त्याच्या वळणापर्यंत बैलच बैल. त्यांच्या गळ्यातल्या घंट्या, गाडीवानांच्या शिव्या, आणि त्या सगळ्याखाली सरकी काढणाऱ्या रेच्यांची एकसारखी घरघर. ती थांबली की आम्हांला जाग यायची. कापसाचे तंतू घरभर. दह्यावर, लोणच्यावर, देवांच्या मुकुटांवरसुद्धा. दर्यापूरकडच्या शेतातून काका ज्वारी आणि तूर पाठवायचे, म्हणून खाण्याला तोटा नव्हता. अंबाडीची भाजी, वर कच्चं तेल, ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा, आणि थंडीत तुरीच्या शेंगांच्या घुगऱ्या. तोटा होता तो खाण्याच्या वेळेचा.

कारण स्वयंपाकघर आणि देवघर ही दोन्ही खाती आत्याबाईकडे होती. आत्याबाई बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर काही वर्षांतच नवरा गेला, आणि माझ्या जन्माच्या आधीच ती भावाकडे परत आली होती. उंच, काटक, आवाज खणखणीत. जिनचा भोंगा एखाद्या दिवशी उशिरा वाजला तर लोक आत्याबाईच्या आवाजावर घड्याळ लावतील, असं बाबा म्हणायचे, अर्थात ती नदीवर गेलेली असताना. तिचा कायदा साधा होता. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय घरात कोणी तोंडात घास घालायचा नाही. आणि देव तर वाढतच चाललेले. चिखलदऱ्याच्या देवीहून आणलेला एक गुळगुळीत दगड, दोन बाळकृष्ण, खंडोबाचा टाक, एक शंख ज्याचा मालक कोण हे कोणालाच माहीत नव्हतं. सगळ्यांची आंघोळ, गंध, फूल होईपर्यंत उन्हं अंगणात यायची. तोवर आम्हां पोरांना गुळाचा काळाकुट्ट चहा. त्यातून मी मुलगी, म्हणून मला सोमवारचा उपास चांगल्या नवऱ्यासाठी, चतुर्थी बुद्धीसाठी आणि एकादशी आत्याबाई करते म्हणून. माझ्या मायचं या कारभारावर मत होतं, पण ती ते मत कणकेत मळून टाकायची.

माझ्या डोक्यावर उपाय पुष्कळ झाले. सुंठ आणि जायफळ उगाळून कपाळावर लेप, नाकात तुपाचे थेंब, लिंबू उतरवून तिठ्यावर टाकणं. शेजारच्या मारवाडीणकाकूंनी सांगितलं की अर्धशिशीला सूर्य उगवायच्या आत गरम जिलबी खायची. बाबा पहाटे सायकल काढून हलवायाकडून पुड्यात जिलबी आणायचे आणि मी उगवतीकडे तोंड करून, डोळे मिटून, अतिशय दुःखी चेहऱ्याने ती खायची. जिलबी खाल्लेल्या दिवशी डोकं दुखायचं नाही, हे खरं. पण चौथ्या-पाचव्या दिवशी माझा धाकटा भाऊ गजू अंथरुणात कण्हू लागला. त्यालाही अर्धशिशी झाली होती. फक्त ती एकाच बाजूला असते हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे त्याने दोन्ही हातांनी डोकं दोन्हीकडून धरलं होतं. त्याला बाबांनी वेगळं औषध दिलं. आणि आत्याबाईच्या लक्षात आलं की नैवेद्याआधी घरात जिलबी खाल्ली जाते आहे. तिने फर्मान काढलं की आधी देवाला. देवांचं आटोपेपर्यंत जिलबी गार आणि सूर्य डोक्यावर, तेव्हा तो उपाय तिथेच संपला.

मग एकदा गणिताच्या तासाला मी बाकावरच ओकले आणि मला सायकलरिक्षात घालून घरी आणलं. त्या दिवशी आत्याबाईने निकाल दिला. पोरीच्या डोक्यात अक्षरं चढली. बाईच्या डोक्याला एवढी अक्षरं झेपत नाहीत, शाळा सोडवा आणि अंजनगावचं स्थळ पाहा. अंजनगाव सुर्जीला एका घरचा पानमळा होता, मुलगा एकुलता एक, आणि त्यांच्याकडून एकदा विचारणाही झाली होती. मला मुलाबद्दल काही म्हणायचं नव्हतं, मी त्याला पाहिलेलंही नव्हतं. मला मॅट्रिकला बसायचं होतं. बीजगणित मला ठेच्याइतकं आवडायचं, आणि वर्गात माझ्यापुढे जो एकच मुलगा होता त्याला मागे टाकल्याशिवाय मला शाळा सोडायची नव्हती. बाबा दोघींच्या मध्ये सापडले. त्यांनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली. तोवर डोकं थांबलं तर शाळा, नाही तर अंजनगाव.

अशा वेळी अकोल्याचे नारायणमामा आले आणि म्हणाले की आमच्याकडे भास्करराव वकील आहेत, ते होमिओपाथीच्या गोळ्या देतात. आत्याबाईला वकील आणि औषध हे दोन शब्द एका दमात ऐकून धक्का बसला. पण गोळ्या गोड असतात आणि त्यात मांसाचा, दारूचा संबंध नाही अशी मामांनी हमी दिली, आणि आम्ही बडनेऱ्याहून पॅसेंजरने अकोल्याला निघालो. बाबा, मी आणि आत्याबाई. मायला यायचं होतं, पण आत्याबाई निघाली म्हटल्यावर घरी राहण्यात काय सुख आहे हे तिच्या एकदम ध्यानात आलं.

भास्करराव सकाळी कोर्टाच्या आधी ओसरीवर बसायचे. एका बाकावर पक्षकार, दुसऱ्या बाकावर रोगी. नवखी माणसं हमखास चुकीच्या बाकावर बसायची. आमच्या आधी एका म्हाताऱ्या कास्तकाराला त्यांनी स्वप्नात साप दिसतात का म्हणून विचारलं. तो म्हणाला, साप नाही, शेजारी दिसते, धुऱ्यावरची बाभूळ तोडून राहिलेला. मग कळलं की तो बांधाच्या खटल्यासाठी आला होता. वकीलसाहेबांनी तरीही त्याला चार गोळ्या दिल्या.

आमची पाळी आली तेव्हा वकीलसाहेबांनी आम्हांला ओसरीच्या आतल्या खोलीत बोलावलं. बुटके, जाड भिंगांचा चष्मा, कानात केसांचे झुबके. त्यांनी माझी नाडी पाहिली नाही, जीभ पाहिली नाही, फक्त विचारायला सुरुवात केली. कोणत्या बाजूला दुखतं? "डाव्या," आत्याबाई म्हणाली. तहान लागते का? "लागते. घागर उपसते." झोप कोणत्या कुशीवर? "पालथी झोपते, कितीक सांगतलं." गोड आवडतं की तिखट? "गोड." रडताना एकटी रडते की चारचौघांत? यावर बाबा आणि आत्याबाई यांच्यात मतभेद झाला. वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसला.

"बाई, साक्षीदाराला शिकवू नका," ते म्हणाले. "तुमची साक्ष नंतर. आत्ता दोघंही बाहेर."

दार लोटलं. खोलीत मी आणि वकीलसाहेब. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मला काय आवडतं? ते थांबले. मला आठवतं, बाहेर टांग्याचा घोडा पाय आपटत होता आणि मी तो ऐकत बसले होते. नाव, गाव, इयत्ता, गोत्र हे सगळं मला आजवर लोकांनी विचारलं होतं. हे कोणी विचारलं नव्हतं. घरात जे शिजतं ते आवडतं, अशीच रीत होती. शेवटी मी म्हटलं, तिखट. आणि शिळी भाकर दह्यात. आणि बीजगणित. त्यांनी तिन्ही सारख्याच गांभीर्याने ऐकून घेतलं. डोकं कोणत्या दिवशी दुखतं? मी कधी विचार केला नव्हता. सोमवारी, बहुधा. जिलबीच्या दिवसांत? नाही. सोमवारी काय असतं? उपास. कोणासाठी? नवऱ्यासाठी. कोण आहे तो? अजून नाही.

"म्हणजे ज्याचा ठावठिकाणा नाही, समन्ससुद्धा बजावता येणार नाही, अशा माणसासाठी तू उपाशी राहून डोकं फोडून घेतेस." मग त्यांनी आवाज खाली आणला. "राग येतो का?"

येतो, म्हटलं. कोणाचा? मी दाराकडे पाहिलं. दाराच्या फटीत नऊवारीचा काठ दिसत होता. अकोल्याचं ऊन होतं की ती शिळी भाकर उच्चारल्याने आलेलं धाडस होतं, कोण जाणे, पण मी स्पष्ट म्हटलं, "आत्याबाईचा." बाहेर तिने घरून आणलेला पितळी पेला फरशीवर पडल्याचा आवाज झाला आणि तो बराच वेळ गोल फिरत राहिला.

माझी नात डॉक्टर आहे. ती म्हणते, आजी, त्या गोळ्या म्हणजे नुसती साखर. असेल. पण तिच्या दवाखान्यात मी एकदा बसले होते, आणि तिने एका बाईला मान वर न करता तीन औषधं लिहून दिली. मी तिला म्हटलं, तुझ्या गोळ्यांत औषध असतं हे कबूल, फक्त माझ्या वकिलाने माझ्याकडे पाहिलं होतं. त्यावर ती रागावली. तिचा राग थेट आत्याबाईवर गेला आहे, आणि हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

दोघांना परत आत बोलावलं. गोळ्या मिळाल्या, साबुदाण्याएवढ्या, काचेच्या चिमुकल्या बाटलीत. पण खरा दणका पथ्यांचा होता. उठल्यावर तोंड धुऊन लगेच खायचं, नैवेद्याची वाट पाहायची नाही. रिकाम्या पोटी चहा नाही. जेवणाच्या वेळा चुकवायच्या नाहीत. चिमणीच्या मिणमिणत्या उजेडात वाचायचं नाही, लवकर झोपून उजाडल्यावर खिडकीत अभ्यास करायचा. वेणी आवळून घालायची नाही. आणि औषध चालू असेपर्यंत हिंग, कच्चा कांदा, उग्र वास वर्ज्य. शेवटी उपास बंद. इथे आत्याबाई उठून उभीच राहिली. सोमवार मोडला तर पोरीला नवरा मिळणार नाही, याची जबाबदारी वकीलसाहेब घेणार का, असं तिने विचारलं.

भास्कररावांनी आयुष्यात पुष्कळ आत्याबाया पाहिल्या असाव्यात. त्यांनी शांतपणे सांगितलं की कायद्यात याला तोड आहे. अशील स्वतः कोर्टात उभा राहू शकत नसेल तर त्याच्या वतीने वकील उभा राहतो, आणि कोर्ट ते मान्य करतं. देवाचं कोर्ट काही याहून हलकं नाही. "तुम्ही हिचं वकीलपत्र घ्या. हिच्या वतीने उपास तुम्ही करा. आणि औषधाची बाटलीही तुमच्या ताब्यात. दुसऱ्या कोणावर माझा विश्वास नाही."

आत्याबाई हळूहळू खाली बसली. तिला वाद हरल्यासारखं वाटत होतं की बढती मिळाल्यासारखं, हे तिच्या तोंडावरून कळत नव्हतं. परतीच्या गाडीत मूर्तिजापूर जाईपर्यंत ती पेल्याचा पोचा अंगठ्याने चाचपत राहिली. मग खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "थो वकील सगळ्यायलेच असं इचारते काय? का काय आवडते म्हनून?" मी म्हटलं, सगळ्यांनाच. ती पुन्हा बाहेर पाहू लागली.

घरी नवीन राज्य सुरू झालं. पहाटे मी चुलीपाशी बसून दही-भाकर खायची आणि आत्याबाई त्या वेळापुरता देव्हाऱ्यावर पडदा ओढून घ्यायची. देवांनी पाहिलं नाही म्हणजे झालं, असा तिचा हिशेब. माझी सैल वेणी पाहून गल्लीत दोन बाया कुजबुजल्या, त्यांना तिने अंगणातूनच गप्प केलं. वरणातला हिंग गेला. बाबा ताटावर बसून वरणाकडे असे पाहायचे की जणू घरातलं कोणी गावाला गेलंय. माय म्हणायची, पोरीच्या डोक्यासाठी एवढं करा, आणि मग त्यांना हळूच मागच्या दारी कांदा फोडून द्यायची. सोमवारी पूजा आटोपली की आत्याबाई देवापुढे हात जोडून मोठ्याने सांगायची की हा उपास विमलचा आहे, माझा नाही, तिच्या नावावर घे. तिचे स्वतःचे उपास होतेच, त्यात माझ्या वाटचे आले. माझ्या वाटच्या उपासाला साबुदाणा खाणंही तिला लबाडी वाटायची, म्हणून त्या दिवशी ती नुसत्या पाण्यावर. गजूने तिला आपला शनिवारचा उपास घेण्याची विनंती केली, तेव्हा तिने त्याला फुंकणी दाखवली.

आणि माझं डोकं थांबलं. एकदम नाही. आधी सोमवार मोकळे झाले, मग गणिताचा तास, मग आश्विनातलं ऊनही बाधेना. दिवाळीच्या आधी आम्ही वकीलसाहेबांना बाटली दाखवायला पुन्हा अकोल्याला गेलो. त्यांनी बूच काढलं, वास घेतला आणि कपाळाला हात लावला. बाटली कुठे ठेवली होती? "देवघरात," आत्याबाई अभिमानाने म्हणाली. "कापराच्या डबीत. म्हनलं देवाचा हात लागन." होमिओपाथीच्या गोळ्यांना कापूर म्हणजे विष, असं त्यांच्या शास्त्रात आहे. वकीलसाहेब म्हणाले की या गोळ्या कधीच्याच मेल्या, पोरीने एवढे दिवस मढी खाल्ली.

मग बरं कशाने झालं, असं बाबांनी विचारलं आणि तिथे चांगलीच सुनावणी झाली. वकीलसाहेबांचं म्हणणं, कापरात जाण्याआधीच्या पहिल्या गोळ्यांनी काम केलं होतं. आत्याबाईचं म्हणणं, गोळ्या मेल्या तरी देव जिवंत होता. बाबा म्हणाले, हिंगाचा त्याग त्यांनी केला, त्याचं फळ आहे. रोज पहाटे पोटात जाणाऱ्या भाकरीवर माझा संशय होता, पण ते बोलून दाखवून भाकर बंद करून घेण्याइतकी मी भोळी नव्हते. वकीलसाहेबांनी नवी बाटली दिली आणि बजावलं, देवापासून लांब.

डोकं बरं झालं आणि तेच गळ्याशी आलं. माझ्या दुखण्याची कुजबुज अंजनगावपर्यंत गेली होती म्हणून ते लोक थबकले होते. आता पोरगी ठणठणीत झाल्याचं कळल्यावर त्यांनी निरोप धाडला, दिवाळी झाली की सोमवारी येतो. बाबा म्हणाले, पाहायला येऊ दे, पाहिल्याने काय होतं. पाहिल्याने काय होतं हे गल्लीतल्या सगळ्या मुलींना ठाऊक होतं. आजारी असले तर शाळा बंद, बरी झाले तर लग्न. मी मायला विचारलं की यात माझी शाळा कुठे बसते. ती म्हणाली, तुया आत्याबाईले इचार. म्हणजे भिंतीला विचार.

सोमवारी सकाळपासून आत्याबाईने घर डोक्यावर घेतलं. सारवण, चकल्या, चिवडा, बाबांचं धोतर. पाहुणे आले तेव्हा दोन प्रहर झाले होते. मुलगा, त्याचे वडील आणि आई. आई गोरी, ठसठशीत, बोलणं मऊ. आल्या आल्या तिने देव्हाऱ्याला नमस्कार केला आणि त्यांच्या घरी चातुर्मास कसा कडक पाळतात ते सांगितलं. पोरगी उपास-तापास करते ना, तिने विचारलं. मला तिथे पाटावर बसवलं होतं. माझा बेत ठरलेला होता. चहा दिला की मी डावा डोळा मिटणार होते, कपाळाला हात लावणार होते आणि शक्य झालं तर थोडं डुलणार होते. गजूसारखं दोन्हीकडून धरायचं नाही, एवढं मी पक्कं केलं होतं. माझा हात अर्धा वर गेलाही होता. तेवढ्यात आत्याबाई उंबऱ्याशी येऊन बसली, पदर डोक्यावरून पुढे ओढलेला.

"खोटं सांगून पोरगी देनं आमच्यात बसत नाई," ती म्हणाली. "पोट्टीले अर्धशिशी हाये."

बाबांनी हातातली बशी खाली ठेवली. मुलाची आई म्हणाली, आता बरी झाली असं ऐकलं.

"थे बरी होत नाई. दबते. सासरी गेली का उठते." आत्याबाईचा आवाज नेहमीचा नव्हता. खणखणीत तर नाहीच, एका पट्टीत, हळू. "पहाटे जात्यावर बसलं का डाव्या डोयापुढं उजेड हालते. मंग पीठ दिसत नाई, जातं चाचपडून वढा लागते. सासू म्हनते सोंग करते. कपायाले फडकं आवयून बांधा आन् रांधा. चुलीच्या धुरानं उलटी येते, थे राखेत झाका लागते, कोनी पाह्यलं त म्हनतीन दिवस गेले. सगळ्यायची जेवनं झाली का गोठ्यात जाऊन बसा लागते अंधारात. बैलं काई इचारत नाईत. उपास त हिच्यानं होनारच नाई. केला त हे अशी मरन एक दिवस, आन् तुमाले उमजनार बी नाई."

सुरुवातीला मला तिचं कौतुक वाटलं. एवढं मोठं खोटं, तेही देव्हाऱ्यासमोर, आणि तेही माझ्यासाठी. मी मान खाली घालून हसू दाबत होते. पण ऐकता ऐकता माझं हसू कुठेतरी गेलं. आमच्या घरी जातं नव्हतं. आमचं पीठ चक्कीवरून यायचं. आमच्याकडे गोठा नव्हता, बैल होते ते रस्त्यावरच्या बंड्यांचे. आणि पीठ दिसेनासं होतं हे तिला मी कधी सांगितलं नव्हतं, मी फक्त फळ्याबद्दल बोलले होते.

अंजनगावची माणसं भली होती. त्यांनी चहा संपवला, चिवड्याची तारीफ केली, कळवतो म्हणाले आणि गेले. बाबा त्यांना पोचवायला टांग्यापर्यंत गेले. मायने माझ्याकडे पाहिलं आणि बशा गोळा करून मोरीकडे गेली. मी स्वयंपाकघरात गेले. आत्याबाई ज्वारीच्या कणगीला टेकून खाली बसली होती. डावा तळहात डाव्या डोळ्यावर दाबलेला, ओठ पांढरे.

"दार लोट," ती म्हणाली. "उजेड खुपते."

मी दार लोटलं. मग नुसतं "आत्याबाई, तुलेबी?" एवढं म्हटलं. तिने मान हलवली नाही, हलवली असती तर काय झालं असतं हे मला माहीत होतं. कधीपासून, मी विचारलं. "तुयापेक्षा लहान होती तवापासून," ती म्हणाली. आज सकाळपासून दुखत होतं. सारवतानाही दुखत होतं. मला आठवेनासं झालं की आजवर किती सोमवारी तिचा आवाज चढला होता, आणि आम्ही सगळे तो भोंगा म्हणून हसलो होतो. मला रडू आलं, आणि मी चारचौघांत रडत नाही, तेव्हा त्या अंधारात रडून घेतलं. मग शिंक्यावरचं दही काढलं, सकाळची भाकर कुस्करली, मीठ घातलं आणि वाडगा तिच्यापुढे धरला.

"आज सोमवार हाये," ती म्हणाली.

"कोनाचा?"

"तुया."

"माह्या नवऱ्यासाठीच ना? थो त आताच चहा पिऊन अंजनगावले गेला. तूच धाडला. आता कोनासाठी उपाशी राह्यतं?"

तिच्या पोटातून हसू आलं आणि अर्ध्यातच कळ उठली. हसवू नको, ठणकते, असं म्हणत तिने दोन्ही हातांनी डोकं धरलं. तिला हसताना मी फारसं पाहिलं नव्हतं, इतक्या जवळून तर कधीच नाही. थोड्या वेळाने तिने माझ्या हातातला वाडगा घेतला. पहिला घास तिने तोंडात तसाच धरून ठेवला, मग गिळला. मग दुसरा घेतला.

"मॅट्रिकले बसजो," ती डोळे मिटूनच म्हणाली. "भर पाहुन्यात मी माह्यं दुखनं सांगतलं. कोनाले सांगतलं नव्हतं आतालोक. थे वाया जाऊ देऊ नको."

मी बरं म्हटलं, आणि तिची भाकर संपेपर्यंत दाराला पाठ लावून बसून राहिले.